जेम्स वेल्सची चित्रे : शनिवारवाड्यातले चेहरे आणि वेरूळचा 'महारवाडा'

सवाई माधवराव पेशवा आणि त्याच्या जवळ बसलेला नाना फडणवीस, मागे उभे असलेले सेवक, अंगावर मोत्यांचे अलंकार. हे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेले आहे. पेशवाईवरच्या पुस्तकांत ते छापले जाते, पेशवाईचे गोडवे गाणाऱ्या लेखांना ते जोडले जाते. चित्र इतके ओळखीचे झाले आहे की ते काढले कोणी, कोणासाठी काढले, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. हा प्रश्न विचारला पाहिजे. कारण ज्या माणसाने शनिवारवाड्यातले हे चेहरे रंगवले, त्यानेच वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली, आणि त्या चित्रांबरोबर जी नावे जगभर गेली त्या नावांशी आपला थेट संबंध आहे.

त्या चित्रकाराचे नाव जेम्स वेल्स. १७४७ च्या सुमारास स्कॉटलंडमधील पीटरहेड या बंदराच्या गावी त्याचा जन्म झाला. चित्रकला तो बहुतांशी स्वतःच शिकला. लंडनच्या प्रदर्शनांत त्याची चित्रे लागली, पण तिथे मोठे नाव झाले नाही. त्या काळात असे अनेक चित्रकार पैसा मिळेल या आशेने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाकडे निघत. कलकत्ता, मद्रास, लखनौ इथे साहेब लोक आणि नवाब दोघेही आपल्या तसबिरी काढून घेत होते. वेल्स १७९१ मध्ये मुंबईला उतरला आणि १७९२ मध्ये पुण्याला पोहोचला.

पुण्यात त्याला आश्रय देणारा माणूस होता चार्ल्स मॅलेट, पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे वकील. १७९० मध्ये याच मॅलेटने टिपू सुलतानाविरुद्ध पेशव्याशी तह घडवून आणला होता. कंपनीच्या राजकारणात तसबीर ही शोभेची वस्तू नव्हती. राजाची तसबीर काढून देणे, साहेबाची तसबीर राजाला भेट देणे, तहाच्या प्रसंगाचे भव्य चित्र करून घेणे, हा मुत्सद्देगिरीचाच भाग होता. मॅलेटच्या मध्यस्थीने वेल्सला दरबारात प्रवेश मिळाला. त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांच्या तसबिरी केल्या. पेशव्याला गादीवर बसवून, प्रत्यक्ष समोर पाहून काढलेले सवाई माधवराव आणि नाना यांचे चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे.

मॅलेटच्या तहाच्या दरबाराचे मोठे चित्रही वेल्सने हाती घेतले होते. ते पुरे होण्याआधीच तो मरण पावला. पुढे त्याच्या रेखाटनांच्या आधारे थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने ते १८०५ मध्ये पूर्ण केले. त्या चित्रात पुण्याचा सगळा दरबार भरलेला दिसतो. सरदार, कारभारी, भिक्षुक, साहेब, हुजरे. माणसांची इतकी दाटी की एकेक पगडी ओळखत बसावे.

चौकटीच्या बाहेरचे पुणे

आता त्या दाटीत आपला माणूस शोधा. सापडणार नाही. त्याला तिथे येण्याची परवानगीच नव्हती. आत येणे दूरच, पुण्याच्या रस्त्यावरून चालायलाही अटी होत्या. बाबासाहेबांनी 'अनायहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये १९३६ साली पेशवाईतल्या या अटी नोंदवल्या आहेत : अस्पृश्याच्या कमरेला झाडू, म्हणजे त्याने तुडवलेली धूळ त्यानेच झाडत जावी, आणि गळ्यात मडके, म्हणजे त्याची थुंकी जमिनीवर पडून कोणी सवर्ण विटाळू नये. ज्या शहरात हे चालत होते त्याच शहरात, भिंतीच्या आत, वेल्स पेशव्याच्या गळ्यातले मोती रंगवत होता.

'त्या काळी सगळीकडे असेच होते' असे उत्तर लगेच येते. मग त्या काळाची आठवण ज्यांनी सोसले त्यांच्याच तोंडून ऐकू. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात ती सांगते की बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून मांग किंवा महार गेला, तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळ होत असे. पेशवाई जाऊन तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती. हे पाहिलेली माणसे तिच्या वस्तीत जिवंत होती. वेल्सच्याच काळातली पुण्याच्या तालमीत कसरत करणाऱ्या पैलवानांची रेखाटने आज परदेशी संग्रहात जपून ठेवली आहेत. तालमीच्या आतले शरीर चित्रात आले. तालमीसमोरून जाणाऱ्याची नोंद करायला साठ वर्षे लागली, आणि ती एका शाळकरी मुलीला करावी लागली.

आणखी एक गोष्ट. वेल्स पुणे-मुंबईत काम करत होता त्याच काळात, मार्च १७९५ मध्ये, खर्ड्याची लढाई झाली. पेशव्यांच्या बाजूने त्या मोहिमेत शिदनाक महार होता. त्याने परशुरामभाऊ पटवर्धनांचा जीव वाचवला ही आठवण आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली. छावणीत त्याचा तंबू इतरांच्या शेजारी का, म्हणून सवर्ण सरदारांनी कुरकुर केली, हीही त्याच हकीकतीचा भाग. लढाईला चालतो, शेजारी चालत नाही. अशा माणसाची तसबीर कोण काढणार? पैसे देणारा नाही, बसायला गादी नाही, वाड्यात पाऊल नाही.

आपल्या माणसांची नावे सार्वजनिक जागी दगडात कोरलेली दिसतात ती भीमा कोरेगावच्या स्तंभावर. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर, १८२१ मध्ये त्याची पायाभरणी झाली. त्यावरची 'नाक' शेवटी असलेली नावे आपण दरवर्षी वाचतो. कंपनीने तो स्तंभ आपल्या विजयासाठी उभारला, महारांच्या मुक्तीसाठी नव्हे, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण १७९० च्या दरबारचित्रात चेहरा नाही आणि तीस वर्षांनी दगडावर नाव आहे, हा फरक लहान नाही. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले ते या नावांसाठी.

गंगाराम तांबट

वेल्सच्या गोष्टीत एक एतद्देशीय माणूस आहे, आणि त्याचे नाव महाराष्ट्रातल्या किती चित्रकला विद्यार्थ्यांना माहीत आहे याची शंका वाटते. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. मॅलेटच्या पुढाकाराने सवाई माधवरावाने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू केली आणि वेल्स तिथे शिकवू लागला. गंगाराम त्या चित्रशाळेशी जोडलेला. आडनावच सांगते : तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागीर जातीतला माणूस. वेल्स पुण्यात यायच्या आधी, १७९० मध्येच, त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे चित्र केले होते. त्याची रेखाटने आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेरूळची लेणीही त्याने रेखाटली. मॅलेटने वेरूळवर लिहिलेल्या लेखाला गंगारामचीच रेखाटने होती.

एक तांबट युरोपीय पद्धतीचे रेखाटन इतक्या झटपट कसे शिकला, असे आश्चर्य काही लेखक व्यक्त करतात. यात आश्चर्य कसले? धातूवर नक्षी ठोकणाऱ्या हाताला प्रमाण, वळण आणि खोली कळत नसेल तर कोणाला कळेल? या देशात हाताचे ज्ञान एका बाजूला आणि अक्षराचे ज्ञान दुसऱ्या बाजूला अशी भिंत जातीने उभी केली. बाबासाहेब म्हणत की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. गंगाराम हे त्याचे जिवंत उदाहरण. रेषा त्याची होती. पण रेषेखाली काय लिहायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याचा नव्हता. तो अधिकार कोणाचा होता हे वेरूळला कळते.

डोळ्याने पाहिले बुद्ध, कानाने ऐकले विश्वकर्मा

पुण्यात तसबिरी करता करता वेल्सला लेण्यांचे वेड लागले. १७९३ मध्ये थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम मुंबईला आले, तेव्हा त्यांना घेऊन तो घारापुरी, कान्हेरी, कार्ले अशी लेणी हिंडला. वेरूळची त्याने मापे घेऊन सविस्तर रेखाटने केली. १७९५ च्या अखेरीस, लेण्यांचे काम अर्धवट असतानाच तो वारला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव वाड्याच्या सज्जावरून पडून मेला होता. वेल्सची वेरूळची रेखाटने डॅनियलने १८०३ मध्ये लंडनला २४ चित्रपत्रांचा मोठा ग्रंथ म्हणून छापली. ग्रंथाच्या नावाचा अर्थ : औरंगाबादजवळील वेरूळच्या डोंगरातील हिंदू लेणी.

सगळीच 'हिंदू'? वेरूळला ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ ब्राह्मणी, ३० ते ३४ जैन. आता इथे आपण घाईने आरोप करता कामा नये. त्या काळच्या इंग्रजीत 'हिंदू' हा शब्द पुष्कळदा 'हिंदुस्थानातला' एवढ्याच अर्थाने येई. वेल्सचा हातही प्रामाणिक होता. स्तूप होता तिथे त्याने स्तूप काढला, बसलेली मूर्ती होती तिथे तशीच मूर्ती काढली. खोट चित्रात नव्हती. खोट होती चित्राखालच्या नावात. आणि ती नावे साहेबाने स्वतः शोधलेली नव्हती.

मॅलेटने १७९४ मध्ये वेरूळ पाहून केलेले वर्णन कंपनीच्या काळातल्या प्रसिद्ध 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये छापून आले. लेणी कोणी खोदली याची दोन उत्तरे त्याने तिथे नोंदवली. एका मुसलमान माहितगाराने सांगितले की राजा इलने सुमारे ९०० वर्षांपूर्वी. ब्राह्मणाने सांगितले की एलिचपूरच्या इलू राजाने, द्वापारयुगात, सात हजारांहून अधिक वर्षांपूर्वी. दोन्ही उत्तरांपैकी कोणते खऱ्याच्या जवळ जाते हे आज शाळकरी मुलालाही कळेल. पण दरबारात, पाठशाळेत आणि साहेबाच्या वहीत वजन कोणाच्या शब्दाला होते?

आता लेण्यांची नावे पाहा. ३२ आणि ३३ क्रमांकाची लेणी जैनांची, आत तीर्थंकर बसलेले, नावे मात्र इंद्रसभा आणि जगन्नाथसभा. १० क्रमांकाचे लेणे हे बौद्ध चैत्यगृह. आत स्तूप, स्तूपासमोर पाय खाली सोडून बसलेले भव्य बुद्ध. छताला दगडातच कोरलेल्या फासळ्या, लाकडी बांधणीसारख्या. त्या फासळ्यांवरून लोक त्याला 'सुताराची झोपडी' म्हणू लागले आणि बुद्ध झाले विश्वकर्मा. ११ क्रमांकाच्या विहाराला 'दोन ताल' म्हणत, कारण दोनच मजले दिसत. खालचा मजला मातीत गाडला गेला होता. १८७६ मध्ये माती उपसली तेव्हा तो उघडा पडला. विहार तीन मजली निघाला, नाव मात्र आजही 'दोन ताल'च आहे. यापेक्षा चांगले उदाहरण मी देऊ शकत नाही. माती उपसता येते. नाव उपसायला जास्त वेळ लागतो.

आणि दक्षिण टोकाच्या बौद्ध लेण्यांचे नाव काय? 'ढेडवाडा'. मॅलेटने ते नाव तसेच लिहून घेतले आणि साहेबांना कळावे म्हणून त्याचा अर्थही दिला : हलालखोरांची वस्ती. ५ क्रमांकाचा विहार, शंभर फुटांहून अधिक खोल, २४ खांबांचा, मध्ये दगडाची दोन लांबच लांब बाकडी, वेरूळचा सर्वांत मोठा एकमजली विहार. त्याचे नाव 'महारवाडा'.

ही नावे शिवी म्हणून दिली गेली. पण शिवीसुद्धा पुरावा असते. पावसाळ्यात आपली माणसे तिथे आसऱ्याला राहत म्हणून हे नाव पडले, असे कोणी सांगेल. मग प्रश्न असा की गावाबाहेर हाकललेल्यांना बुद्धाच्या विहारात आसरा का मिळाला? ब्राह्मणी लेण्यांत का नाही? दुसरा म्हणेल, बुद्धाची जागा ब्राह्मणांना विटाळाची वाटली म्हणून तिला अस्पृश्यांचे नाव चिकटवले. दोन्हीपैकी काहीही धरा, निष्कर्ष एकच निघतो. गावाच्या भाषेत बुद्धाची जागा आणि महाराची जागा एक झाली होती, आणि दोन्ही शिवेबाहेर होत्या. १९४८ मध्ये बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स'मध्ये मांडले की अस्पृश्य हे मूळचे बौद्ध असलेले पांगलेले लोक होत, आणि बौद्ध धर्म सोडला नाही म्हणून त्यांच्यावर अस्पृश्यता लादली गेली. एका लेण्याच्या नावाने तो सिद्धांत सिद्ध होत नाही, तसा दावा मी करणार नाही. पण त्या सिद्धांताकडे पाहून हसणाऱ्यांनी वेरूळच्या 'महारवाड्या'त उभे राहून या नावाचा दुसरा अर्थ सांगावा.

दौलताबादचे पाणी

१९३४ मध्ये बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळ पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाची धूळ धुवायला त्यांनी किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदातले पाणी घेतले, आणि 'ढेडांनी हौद बाटवला' म्हणून आरडाओरडा सुरू झाला. या वेळी ओरडणारे मुसलमान होते. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवला आहे. अस्पृश्य हा हिंदूंनाच नव्हे तर इतरांनाही अस्पृश्य कसा, हे दाखवण्यासाठी. ज्या लेण्यांना 'ढेडवाडा' म्हणून नाव दिले गेले, ती पाहायला निघालेल्या माणसांना वाटेत तोच शब्द ऐकावा लागला. मॅलेटच्या वहीतला शब्द १४० वर्षांनीही तसाच धारदार होता.

त्याला बाबासाहेबांनी दिलेले उत्तर भाषणापुरते राहिले नाही. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. परिसराचे नाव ठेवले नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा, नागसेन हा उत्तर देणारा भिक्खू. वेरूळपासून तासाभराच्या अंतरावर बाबासाहेबांनी नाव ठेवण्याचा अधिकार परत घेतला. महारवाड्यातल्या पोरांना नागसेनवनात आणून बसवले.

आपण काय करायचे?

नावांची लढाई संपलेली नाही. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना अजून 'पांडवलेणी' म्हणतात. सातवाहन राजघराण्याने भिक्खुसंघाला दिलेल्या दानाचे शिलालेख भिंतीवर आहेत, पांडवांचा एक शब्द नाही. जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात अष्टविनायकातला एक गणपती बसला आहे. कार्ल्याच्या महाचैत्याच्या दारातच एकवीरेचे देऊळ आहे. आज ठिकठिकाणी आपले तरुण सुट्टीच्या दिवशी लेण्यांवर जातात, झाडलोट करतात, ब्राह्मी लिपी शिकतात, येणाऱ्यांना माहिती सांगतात. हे काम पुतळ्याला हार घालण्यापेक्षा अवघड आहे आणि जास्त टिकणारे आहे.

पण त्यात एक पथ्य पाळू या. वेल्सच्या ग्रंथाने सगळ्या लेण्यांना एकच नाव दिले, तीच चूक उलट बाजूने आपण करू नये. कैलास लेणे शैवांचे आहे, इंद्रसभा जैनांची आहे. प्रत्येक दगड आपलाच म्हणू लागलो तर जे खरोखर आपले आहे तेही संशयात जाईल. आपला दावा मोजमापाचा असावा : कोणते लेणे, कोणता शिलालेख, कोणते दान, कोणाचे नाव. साहेबाचेही तसेच. वेल्स आपला उद्धारक नव्हता आणि शत्रूही नव्हता. तो कंपनीच्या वकिलाच्या आश्रयाने जगणारा, हाताने कुशल आणि दुसऱ्याच्या कानाने ऐकणारा चित्रकार होता. त्याचे चित्र ठेवावे, त्याखालचे नाव तपासावे.

म्हणून जुनी तसबीर किंवा लेण्याचे जुने चित्र समोर आले की चार प्रश्न विचारा. पैसे कोणी दिले? समोर कोण बसले? खालचे नाव कोणी सांगितले? आणि चौकटीच्या बाहेर कोणाला उभे केले? शनिवारवाड्याच्या चित्राला हे प्रश्न विचारले की पेशवाईचा सुवर्णकाळ कोणासाठी सुवर्ण होता ते उघड होते. वेरूळच्या चित्राला विचारले की बुद्ध सुतार कसा झाला ते कळते.

पुढच्या वेळी वेरूळला जाल तेव्हा गर्दीबरोबर थेट कैलासाकडे वळू नका. आधी दक्षिणेकडे जा. पाचव्या लेण्यातल्या त्या लांब दगडी बाकड्यांच्या दोन्ही बाजूंना भिक्खू बसत. तिथे बसा, आणि बरोबरच्या मुलांना त्या लेण्याची दोन्ही नावे सांगा : जे आपल्याला चिकटवले गेले ते, आणि जे त्याचे खरे आहे ते. विहार.

जय भीम!